फिक्सीची टकटक: चेन गेली की दुसरंच काही?

होटगी_रोड: फिक्स्ड गिअर सायकल (फिक्सी) आहे, चाक फिरतं तोवर पॅडलही फिरतंच; पुढं ४८ दात, मागं १६. पावसाळ्यात चिखल खाल्ला, तेव्हापासून घरघर सुरू झाली. आता पॅडलवर जोर दिला की टक, आणि मागं ताण देऊन वेग तोडला की परत टक. पायाला कळतं. शिवाय चेन एका जागी ताठ, अर्धा फेरा फिरवला की लोंबते. मिस्त्री म्हणतो फ्रीव्हील बदला. फ्रीव्हील म्हणजे पॅडल थांबलं तरी चाक मोकळं फिरू देणारा भाग, फिक्सीला तो कुठून आणू ओ?

सातरस्ता: चेन धुऊन ऑइल सोडा आधी. आपल्याकडची धूळ म्हणजे पॉलिश पेपरच.

जुना_जॉबर: ऑइलनं घरघर जाईल, टक नाही जाणार. यंत्रमागावर जॉबरकी, म्हणजे माग दुरुस्तीची कामं, केली आहे, तिथं पहिली सवय एकच: ठोका किती फेऱ्यांनी येतो ते बघायचं. पॅडलच्या फेऱ्याला एकदा आला तर पॅडल, क्रँक (पॅडलचा दांडा) नाहीतर बीबी (दोन्ही दांड्यांमधलं बेअरिंग). तुमच्या ४८-१६ ला चाक तीनदा फिरतं, म्हणून फेऱ्याला तीनदा आला तर मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. दोन फेऱ्यांहून थोडं जास्त लागत असेल तर चेनची एखादी कडी आखडलीय.

पण तुमचा ठोका दिशा बदलली की येतोय. माझा संशय कॉगवर, म्हणजे मागच्या दातेरी चक्रावर. कॉग, लॉकरिंग (कॉगला जागी धरणारी रिंग) आणि हब, तिन्हींवरून मार्करनं एक सरळ रेघ मारा, गल्लीत एक चक्कर टाका, दोन-चारदा मागं ताण द्या. रेघ तुटली तर कॉग आट्यावर सरकतोय. मग पुढचा ब्रेक नसेल तर सायकल बाहेर काढूच नका.

ताठ-सैल ही वेगळी भानगड आहे, चेनरिंग, म्हणजे पुढची दातेरी रिंग, मधोमध बसलेली नाही. बोल्ट किंचित ढिले करा, चेन ताठ होते तिथं रिंगवर हलकं ठोका, परत आवळा. ताण नेहमी सगळ्यात ताठ जागी बघायचा, वर-खाली मिळून अर्धा इंच झोळ हवा.

चेन पट्टीनं मोजा. २४ कड्या म्हणजे नव्या चेनला पिनपासून पिनपर्यंत बरोबर १२ इंच. १/१६ इंच वाढली तर बदला. १/८ वर गेली तर कॉगसुद्धा बहुतेक खाल्लेला असणार. दात दोन्ही बाजूंनी बघा, फिक्सीत मागूनही जोर येतो.

आणि एकच पाय पुढं ठेवून स्किड मारत (मागचं चाक अडवून घसरवत) असाल तर टायरही बघून घ्या, या रेशोला तो एकाच जागी घासतो. मागं १७ घातलात तर ते सुटेल.

होटगी_रोड: रेघ तुटली! कॉग पुढं सरकलाय. चेन १/१६ च्या जरा आतच आहे. टायरचं काय सांगू, तिथं कापड दिसायला लागलंय. लॉकरिंग सोडवतोय, हलत नाही.

जुना_जॉबर: उलटा आटा आहे, घड्याळाच्या दिशेनं फिरवा. छिन्नी लावू नका, खाचा जातील. हुक पाना माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी कंबर तलावाशी भेटा, नुसतं चाक आणा. आधी हबचे आटे बघू. ते मेले असतील तर आवळून उपयोग नाही, हबच बदलावं लागेल.