जुनी कॅम्पर व्हॅन: पावसाळ्यापूर्वी कोणते काम आधी करावे? (यवतमाळ जिल्हा)

घाटंजीकर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २००३ सालची, म्हणजे कंपनीचे नाव अजून बजाज टेम्पो होते त्या काळातली ट्रॅव्हलर आहे. पूर्वीच्या मालकांनी ती आतून बदलून तिची कॅम्पर करून घेतली होती. मागे झोपण्याचा बाक, ओटा आणि गॅसची शेगडी, शंभर लिटरची पाण्याची टाकी, छताला उघडझाप करता येणारी झडप, वर कॅरिअर आणि आतल्या दिव्या-पंख्यांसाठी वेगळी बॅटरी, अशी रचना आहे. मध्यंतरी ती आमच्या शेतात गोठ्यालगत बराच काळ उभी होती. आता आईवडिलांना तिच्यातून लोणार आणि चिखलदरा दाखवावे अशी मनापासून इच्छा आहे.

सकाळी गाडी चालू करताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो आणि पांढरा धूर येतो. गाडी गरम झाली की धूर थांबतो. चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. छताच्या झडपेखालचा प्लाय फुगला आहे आणि मागची बाजू बसल्यासारखी दिसते. गावातले मिस्त्री इंजिन उतरवून हाफ इंजिनचे, म्हणजे ते खोलून पिस्टन-रिंगा बदलण्याचे काम करायला सांगतात. त्यात हाताशी असलेली जवळजवळ सगळी रक्कम संपेल, म्हणून कामांचा क्रम कसा लावावा, कोणते काम गावातच करून घ्यावे आणि कशासाठी नागपूरला जावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

कमानपाटा (वर्धा)

भाऊ, इंजिन इतक्यात उतरवू देऊ नका. मी एस.टी.च्या कार्यशाळेत नोकरी केली आहे आणि निवृत्तीनंतरही जुन्या डिझेल गाड्या पाहतो. तुमच्या गाडीत बहुधा मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून घेतलेले इंजिन असेल. ते दीर्घायुषी आहे, पण त्याच्या काही गरजा आहेत आणि त्या पुरवल्या नाहीत की ते संपल्यासारखे वागते. थंड असताना पांढरा धूर आणि गरम झाल्यावर स्वच्छ, हे लक्षण आधी हीटर प्लगकडे, म्हणजे थंड डिझेल इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगकडे बोट दाखवते. जुन्या पद्धतीचे तारेचे प्लग असतील तर ते एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एक प्लग गेला की चारही थंड राहतात. हे तपासायला साधा टेस्ट लॅम्प पुरतो.

त्यानंतर टॅपेट सेटिंग करून घ्या. या इंजिनात व्हॉल्व्हचा गॅप हाताने लावावा लागतो. तो घट्ट झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरते आणि गाडी सकाळी त्रास देते. पुष्कळ इंजिने केवळ या दुर्लक्षामुळे विनाकारण खोलली जातात. हे दोन्ही झाल्यावर डिझेल फवारणारे नोझल काढून कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले आणि चालू इंजिनाच्या ऑईलच्या झाकणातून धुराचा जोरदार झोत येत नसेल, तर हाफ इंजिनचा विषय तूर्त सोडून द्यावा. डिझेल पंप आणि नोझलचे कॅलिब्रेशन मात्र यंत्रावरच होते. त्यासाठी नागपूर किंवा अमरावती गाठणे योग्य.

आता काट्याबद्दल, कारण विदर्भात जुनी गाडी मरते ती बहुतेक उष्णतेने. बाहेर ४५ अंश असताना रेडिएटरला उष्णता टाकायला हवेत जागाच उरत नाही, म्हणून इतर प्रदेशांत चालून जाणारा अर्धवट बुजलेला रेडिएटर इथे चालत नाही. रेडिएटर काढून जाळीच्या पापुद्र्यांमध्ये पाहा. तुमच्या भागात कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत रुईचे तंतू असतात आणि ते तेलकट धुळीबरोबर जाळीत घट्ट बसतात. त्यावर समोरून पाण्याचा जोरदार फवारा मारला तर ते अधिकच आत जातात. फवारा इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावा. आतल्या नळ्या विहिरीच्या किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने बुजलेल्या असतील. पितळी टाकीचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांतून पट्टी फिरवून देतो. हे काम तालुक्याच्या गावीही चांगले होते. पुढे त्यात फक्त डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घाला.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, किंवा तो आधीच काढलेला असेल. या इंजिनाचा थर्मोस्टॅट गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरते आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी गरम पाण्याच्या भांड्यात सोडून तो उघडतो का ते पाहावे. रेडिएटरच्या झाकणाचे रबर, पंख्याचा पट्टा आणि सगळे होज याच वेळी बदलावेत.

सातपुड्याची वाट (अचलपूर)

काकांचे निदान मला पूर्णपणे पटते, पण क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. आमच्याकडेही जुनी कॅम्पर आहे आणि आम्ही मेळघाटात नेहमी जातो. इंजिन आज ना उद्या, कुठेही दुरुस्त होईल. सडलेले छत आणि गळालेला सांगाडा मात्र परत मिळत नाही. विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, म्हणजे छतासाठी तुमच्याकडे मे महिनाच आहे.

आधी गळती शोधा. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने पाइपने पाणी सोडावे. पण सुरुवात खिडकीच्या खालच्या कडेपासून करून हळूहळू वर जावे. एकदम छतावर पाणी सोडले तर ते कुठून आत आले हे कळतच नाही, कारण अस्तराच्या मागून ते दोन-तीन फूट सरकून भलत्याच ठिकाणी ठिबकते. झडपेखालचा प्लाय फुगला म्हणजे गळती झडपेचीच असेल असे समजू नका. कॅरिअरच्या बोल्टची भोके तितकीच संशयास्पद असतात.

फुगलेला प्लाय तसाच ठेवून वरून पट्टी मारू नका. तो काढा, पत्रा उघडा करा, गंज घासून चमकता पत्रा दिसेपर्यंत जा, आणि पत्रा पातळ झाला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडून घ्या. वेल्डिंगपूर्वी दोन्ही बॅटऱ्यांच्या तारा सोडवा, पडदे व गाद्या बाहेर काढा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. त्यानंतर प्रायमर, मग रंग, आणि शेवटी सांध्यांवर पॉलियुरेथेन सीलंट.

तळाबद्दल एक स्थानिक गोष्ट. आपली काळी माती ओली झाली की चाकाच्या कमानीत, चेसिसच्या पोकळीत आणि दारांच्या खालच्या निचऱ्याच्या भोकांत गच्च बसते आणि दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते. वरून गाडी कोरडी दिसते आणि आतून गंज चालू असतो. पावसाळा संपताच गाडी उचलून खालून धुऊन घ्या आणि निचऱ्याची सगळी भोके तारेने मोकळी करा.

घाटंजीकर

काका आणि ताई, दोघांचेही आभार. हीटर प्लग तपासले; मीटरवर एक पूर्ण तुटलेला निघाला आणि जोडणी काकांनी सांगितली तशीच आहे. थर्मोस्टॅटच्या जागी खरोखरच काही नव्हते. दोन शंका उरतात. छताच्या सांध्यांवर पूर्वी कोणीतरी सिलिकॉन आणि त्यावर डांबराची पट्टी लावली आहे, ती तशीच ठेवून वर सीलंट मारले तर चालेल का? आणि नवा प्लाय कोणता घ्यावा?

सातपुड्याची वाट (अचलपूर)

दोन्ही काढावेच लागेल. सिलिकॉनवर ना रंग धरतो ना दुसरे सीलंट, आणि डांबराची पट्टी आपल्या उन्हात पाघळून सांध्यावरून सरकते. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, थिनरने पुसा आणि काम सकाळी लवकर करा. दुपारी पत्रा इतका तापतो की सीलंटची वरची साय लगेच धरते आणि आत हवा कोंडते.

प्लायवर आयएस ७१० असा शिक्का पाहून घ्या. तो मरीन दर्जाचा असतो. कापलेल्या प्रत्येक कडेला पॉलिश किंवा इपॉक्सी पाजा, कारण पाणी कडेतूनच शिरते. गाडी शेतात उभी राहणार असेल तर चाकांखाली शहाबादी फरशी ठेवा. वाळवी मातीतून टायरवर आणि तिथून आत चढते. हवेच्या सगळ्या झरोक्यांना बारीक जाळी लावा, म्हणजे सोयाबीन घरात आल्यावर उंदीर वायरिंगकडे वळणार नाहीत.

वरोऱ्याहून

मी गाड्यांचे वायरिंग करतो, म्हणून तेवढ्याच भागाबद्दल लिहितो. आतल्या बॅटरीची मुख्य तार थेट इन्व्हर्टरला गेलेली अनेक कॅम्परमध्ये आढळते. बॅटरीपासून अगदी जवळ फ्यूज बसवल्याशिवाय ती गाडी रात्री झोपण्यासाठी वापरू नका. छतावर सोलर असेल तर चार्ज कंट्रोलरला तापमानाची जोड आहे का ते पाहा. लेड-ॲसिड बॅटरीला उन्हाळ्यात कमी व्होल्टेजवर चार्ज करावे लागते, नाहीतर पाणी उकळून प्लेटा उघड्या पडतात. एप्रिल-मेमध्ये पाण्याची पातळी वारंवार पाहावी.

शेगडीबद्दल: एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर गॅस जमिनीलगत साचतो, वरच्या झडपेतून निघून जात नाही. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक असलेच पाहिजे आणि रबरी नळीवरची मुदत संपली असेल तर ती आजच बदला. गाडी बरेच दिवस उभी होती म्हणून बर्नरचे जेट उघडून पाहा, कारण कुंभारीण माशी अशा बारीक भोकांत माती भरून घर करते.

परवाना-नोंदणी

कागदांचे थोडक्यात. खासगी वाहनाची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची आणि नंतर दर वेळी ५ वर्षांची असते. तुमची २०२३ मध्ये नूतनीकृत झाली असेल तर पुढची २०२८ मध्ये येईल. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. वीस वर्षांवरील वाहनांचे शुल्क २०२५ मध्ये वाढवले आहे, ती रक्कम हिशेबात धरा. इंजिन बदलण्याची वेळ आलीच तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे ते नोंदवून घ्यावे लागते. दुरुस्तीला त्याची गरज नाही.

कमानपाटा (वर्धा)

ताईंचे म्हणणे मान्य. मे महिन्यात छत करा आणि रेडिएटर त्याच काळात रेडिएटरवाल्याकडे द्या, म्हणजे दोन्ही कामे बरोबर चालतील. पंप आणि नोझल पावसाळ्यात निवांत करता येतील.

मागची बाजू बसण्याचा मुद्दा राहून गेला होता. कमानपाटे (चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे) वाढवण्यापूर्वी गाडी पाण्याची टाकी, गॅस आणि सामानासह भरून जिनिंगच्या वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचे वजन घ्या, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून दुसरे. नोंदणीपुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. पुष्कळदा पाटे ठीक असतात आणि सामानच जास्त असते. भरलेली टाकी एकटीच शंभर किलोची आहे, ती मागच्या धुरीच्या पलीकडे बसवली असेल तर पुढे सरकवा. वजन योग्य असूनही गाडी बसत असेल, तर पाटे उतरवून मुख्य पाट्याला तडा आहे का ते पाहा आणि शॅकलचे (पाटा गाडीला जोडणाऱ्या कडीचे) बुश बदला.

याच वेळी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. गोट्या शाबूत दिसल्या तरी उन्हात उभ्या राहिलेल्या टायरच्या बाजूला बारीक चिरा पडतात, आणि असा टायर मे महिन्यात तापलेल्या समृद्धी महामार्गावर नेऊ नये. ब्रेकचे तेल हवेतली ओल ओढते, म्हणून इतक्या काळानंतर ते पूर्ण बदलून घ्या आणि चाकांचे सिलिंडर उघडून पाहा. चिखलदऱ्याच्या उतारावर आईवडील गाडीत असताना याची चिंता राहायला नको. सुटे भाग गावात मिळाले नाहीत तर नागपूरला अमरावती रस्त्यावर वाडीच्या बाजूला चौकशी करा, आणि जाताना जुना भाग सोबत घेऊन जा, कारण या गाडीत वर्षागणिक बारीक बदल झालेले आहेत.