मदत हवी आहे : पांडवांनी एका रात्रीत बांधलेली देवळं

नमस्कार मंडळी. मी कळव्यात राहते. एमएच्या शोधनिबंधासाठी ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं’ ही दंतकथा घेतलीये. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहार राजांच्या काळातला. तरी तिथले लोक पांडवांचंच नाव घेतात. गाभाऱ्यावरचं शिखर अपुरं का, तर म्हणे तेवढ्यात उजाडलं! कार्ल्याच्या एकविरेचं देऊळही पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं सांगतात. मला वाटतं, राजे विसरले गेले, पण अर्धवट शिखर रोज डोळ्यांसमोर राहिलं, त्याचं कारण लोकांना हवं होतं.

आमची आजी सांगायची तेव्हा कोंबडा आरवायचा आणि भीम हातातला दगड तिथेच टाकायचा. निबंध वैयक्तिक अंगाने लिहायचाय, त्यामुळे हे घ्यायचंच आहे. पण आजीचं सांगणं पुरावा म्हणून मांडायचं की फक्त प्रस्तावनेत? मार्गदर्शक बाई म्हणतात, आणखी कथनं गोळा कर.

ठाणे, दिवा, ऐरोली, घणसोलीतल्या आगरी-कोळी घरांत ही गोष्ट कशी सांगतात? कोंबडा खरंच आरवतो की कुणी तसा आवाज काढतं, काम कुठे अडतं, एवढं जरी कळवलंत तरी फार मदत होईल. घरी मोठी माणसं असतील तर मी येऊन, त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करीन.