मदत हवी आहे : भाच्याला ब्लॅकजॅकचं गणित कसं समजावू?

नमस्कार मंडळी. माझा भाचा मोबाइलवर पैसे लावून रूलेट (फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर किंवा रंगावर थांबेल, यावर पैसे लावायचा खेळ) खेळायला लागलाय. 2025 च्या कायद्याने अशा ऑनलाइन खेळांवर देशात बंदी आली, हे सांगून झालं. तर म्हणतो, "मामा, हरलो की रक्कम दुप्पट लावायची, एकदा जिंकलं की सगळं वसूल."

मी कागदावर मांडून दाखवलं. 100 रुपयांपासून सुरुवात करून लागोपाठ सात वेळा हरलास, तर 12,700 गेले. आठव्यांदा 12,800 लावायचे, आणि जिंकलास तरी एकूण नफा 100 च! शिवाय युरोपियन चाकावर घरं 37, पण नेमका आकडा लागला तर नफा 35 पटच. हे त्याला पटलं.

आता ब्लॅकजॅकचं काढलंय, "त्यात डोकं चालतं" म्हणून. इथे मी अडतो. या पत्त्यांच्या खेळात पानांची बेरीज 21 च्या जवळ न्यायची, पण वर जाऊ द्यायची नाही. खेळाडू आधी पानं मागतो, मग डीलर, म्हणजे कॅसिनोतर्फे खेळणारा. 21 च्या वर गेला की त्याचे पैसे गेले, मग डीलरही 21 च्या वर जाणार असला तरी. कॅसिनोचा फायदा यातच आहे ना? हे पत्त्यांचा एक जोड घेऊन घरीच खेळून कसं दाखवू? कोणी मुलांना संभाव्यता शिकवत असेल तर कृपया सांगा. पोरगा अजून ऐकतोय, म्हणून घाई आहे.