ब्लँक कोरा आला, एवढ्यावर थांबू नका
पाण्यातले जीवाणू तपासताना नमुन्याऐवजी निर्जंतुक पाणी घेऊन केलेली चाचणी म्हणजे ब्लँक. 'ब्लँकवर कॉलनी (वाढलेल्या जीवाणूंचा ठिपका) नाही, म्हणजे बॅच ठीक' असं काही जण म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. माध्यमात (जीवाणू वाढवायच्या पोषक पदार्थात) काही वाढतच नसेल तरी ब्लँक कोराच येणार! म्हणून माध्यमाच्या प्रत्येक नव्या लॉटवर ई. कोलाय हा जीवाणू लावून बघाच, सोबत त्या माध्यमावर न वाढणारा एक जीवाणूही.

मेम्ब्रेन फिल्ट्रेशनमध्ये (पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून त्यावर अडकलेले जीवाणू वाढवायची पद्धत) ब्लँक सुरुवातीला, दर 10 नमुन्यांनंतर आणि शेवटी घ्या: 100 मिली निर्जंतुक पाणी, त्याच फनेलमधून. शेवटच्यावर कॉलनी दिसली तर आधीच्या कोऱ्या ब्लँकनंतरचे सगळे नमुने बाद, नवे मागवा.

आणि क्लोरीनच्या पाण्यासाठी 120 मिलीच्या बाटलीत निर्जंतुकीकरणाआधीच 10 टक्के सोडियम थायोसल्फेटचं द्रावण 0.1 मिली टाका. नाहीतर उरलेला क्लोरीन वाटेतच जीवाणू मारतो आणि दूषित पाणी 'शुद्ध' ठरतं.