सोलापूरकरांनो, समुद्रकिनारी निवांत राहून आलात का? तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करते. मे महिन्यात आपल्याकडं पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेला की घरात बसवत नाही, त्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. यंदा आईला घेऊन गणपतीपुळ्याला गेलो, एमटीडीसीच्या रिसॉर्टवर तीन रात्री. आईचे गुडघे गेलेत म्हणून मुद्दाम तेच निवडलं, बाहेर पडलं की समोर वाळूच, देऊळ पण जवळ. डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची आहे, आई म्हणाली मी बसते, तुम्ही या. परत आलो तर ही बाई साडी पोटरीपर्यंत खोचून पाण्याच्या कडेला उभी! लाट येऊन गेली की पायाखालची वाळू सरकते ना, तेवढ्यासाठी तासभर उभी होती, गुडघ्यांचं नावसुद्धा नाही काढलं. बाकी काही बघितलं नाही आम्ही आणि त्याचं वाईटही वाटत नाहीये. तुम्ही कुठं गेलात, कसे गेलात, सगळं लिहा, वर नावाऐवजी सोलापुरातला आपला भाग टाका.

जुळे सोलापूर
रस्त्याचं मी सांगतो. रत्नागिरी-नागपूर हायवे आपल्या दारातूनच जातो हे कितीतरी जणांच्या लक्षातच येत नाही. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट, हातखंब्याला उजवीकडं मुंबईच्या दिशेनं वळायचं आणि निवळी फाट्यावरून डावीकडं आत. पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर होतं. पहाटे चारला निघा म्हणजे सांगोल्याच्या पुढं ऊन लागत नाही. घाटात पोरांना उलट्या होतात, आलेपाक जवळ ठेवा.

अशोक चौक
माझे वडील तेहतीस वर्षं यंत्रमागावर होते, त्या खटखटीनं एका कानानं कमी ऐकू येतं त्यांना. रिटायर झाल्यापासून रात्री झोपच लागायची नाही, म्हणायचे घर फार गप्प वाटतंय. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघितला त्यांनी. रात्री खोलीची खिडकी मी डास येतील म्हणून लावून घेतली तर उठून परत उघडली, म्हणाले राहू दे, हा पण पाळी बदलली तरी बंद होत नाही बघ. आणि झोपले की हो, सकाळी साडेसातपर्यंत, तोंडावर हात ठेवून, लहान पोरासारखे. मी दारात बसून नुसती बघत होते त्यांच्याकडं. पुढच्या वर्षी परत नेणार, कर्ज काढावं लागलं तरी.

विजापूर रोड
एक कळकळीनं सांगतो, पुळ्याचा समुद्र पोहायला चांगला नाही, पाणी एकदम खोल होतं आणि ओढ जबरदस्त आहे. आपल्याला कंबर तलावाची सवय. माझा भाचा गुडघाभर पाण्यात होता आणि लाट परतताना पडला, जीवरक्षकानं शिट्टी मारून धावत येऊन हाताला धरून काढला. तिथल्या एका आजोबांनी हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट करायची म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, थोडं इकडंतिकडं होतं पण अंदाज येतो. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा पोरांना वाळूतच खेळू द्या.

सात रस्ता
आमचा अनुभव एवढा गोड नाही. फोनवर समुद्र दिसणारी खोली सांगितली, प्रत्यक्षात खिडकीसमोर पार्किंग. भांडण करून काही झालं नाही म्हणून सामान टाकलं आणि चादर घेऊन दोन्ही दिवस सुरूच्या झाडांखालीच पडून राहिलो, आपली सोलापुरी चादर, वाळू झटकली की निघून जाते. घरनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेलेली, दुपारी त्याच्यावर थंडगार सोलकढी. खोलीचे फोटो आधी मागवून घ्या एवढंच. एक संध्याकाळ मालगुंडला जा, केशवसुतांचं स्मारक अगदी जवळ आहे, घर शेणानं सारवलेलं, गार. बायको ओसरीवर टेकली ती उठायलाच तयार नव्हती.