ज्युरी ड्यूटी : भावाचा दावा सांगावा का?

प्रेषक : अ. (एडिसन)

नमस्कार मंडळी,
अमेरिकेचा सिटिझन झाल्यावर पहिल्यांदाच ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात (ज्युरीत) बसायचं पत्र आलंय. धाकट्या भावाच्या गाडीला ट्रकने ठोकलं होतं, त्याचा दावा अजून चालू आहे. ज्युरीच्या निवडीच्या वेळी असलं सगळं विचारतात म्हणे. कोजागरीला एकाने सल्ला दिला, "सरळ नाही म्हण, कोण बघायला येतंय?" दुसरा म्हणाला, "मी एका बाजूचा आहे म्हणून ठोकून दे, दुपारी घरी." काय करू?

प्रेषक : सु. (प्लेन्सबरो)

दोघांचंही ऐकू नका. उत्तरं शपथेवर असतात. खरं सांगितलंत तर न्यायाधीश फार तर विचारतील, "तरी दोन्ही बाजू नीट ऐकाल ना?" नाहीतर घरी पाठवतील. चारचौघांत नको असेल तर न्यायाधीशांशी बाजूला बोलू देण्याची विनंती करता येते. कोणाकडे कल असणं हा गुन्हा नाही. शपथेवर तो दडवणं किंवा नसलेला दाखवणं अंगाशी येतं. फेडरल (केंद्रीय) कोर्टात खोट्या साक्षीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. असे खटले क्वचितच होतात, पण झालेले आहेत.

मिनिॲपोलिसचा फोशे टॉवर बांधणाऱ्या विल्बर फोशेवर फसवणुकीचा खटला चालला. एका ज्युरर बाईंनी आपण त्याच्याच कंपनीत थोडे दिवस नोकरी केल्याचं दडवलं. अकरा जण दोषी म्हणत होते, या एकट्या अडून बसल्या आणि निकालच लागला नाही. मग बाईंवरच कोर्टाच्या अवमानाचा खटला झाला आणि शिक्षा लागली. ज्युरीच्या खोलीतलं बोलणं गुप्त असतं, हा त्यांचा बचाव १९३३ मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळला. खोटं बोलून ज्युरीत शिरलेल्याला तो आडोसा कसला!

प्रेषक : वि. (पिस्कॅटवे)

सुताई, म्हणजे ज्युररने लपवलं की निकालही रद्द?

प्रेषक : सु. (प्लेन्सबरो)

नाही ना, तिथेच तर गोम आहे. १९८४ च्या मॅकडोनो खटल्यापासूनची कसोटी अशी : ज्युररने महत्त्वाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिलं नाही आणि खरं उत्तर दिलं असतं तर त्याला वगळायला सबळ कारण मिळालं असतं, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. अल्पवयीन मुलींच्या शोषणात एपस्टीनला साथ देणाऱ्या गिलेन मॅक्सवेलच्या खटल्यात एका ज्युररने लहानपणी झालेल्या अत्याचाराचा प्रश्नावलीत उल्लेख केला नव्हता, पुढे मुलाखतींत सांगितला. २०२२ मध्ये न्यायाधीशांनी त्याची चौकशी केली, पण निकाल कायम ठेवला.

साउथ डकोटातला वॉर्गरचा दावा तर तुमच्या विषयाच्या जवळचा, अपघाताचाच. निवडीच्या वेळी 'निःपक्षपाती राहीन' म्हणालेल्या ज्युरी प्रमुख बाईंनी चर्चेत स्वतःच्या मुलीच्या अपघाताची गोष्ट काढली, असं दुसऱ्या ज्युररने नंतर सांगितलं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं, निकाल रद्द करायला खोलीतलं ते बोलणं पुरावा म्हणून चालणार नाही. अपघातात पाय गमावलेल्या वॉर्गरला नव्याने सुनावणी मिळाली नाही. कायद्यात बसतं, मला मात्र अजून पटत नाही.

प्रेषक : अ. (एडिसन)

ताई, भावाचं सांगतो. पार्किंगचे पैसे कोर्ट देतं का?