मंगळावर वसाहत की वस्ती?

शाहूपुरीकर: मी नववीला विज्ञान शिकवते. एका मुलाने लिहिलंय, 'माणूस मंगळावर वसाहत करून आंतरतारकीय प्रवास करेल.' दोन्ही शब्द मला खटकले. 'वसाहत'ऐवजी 'वस्ती' चालेल का?

गगनबावडा: ताई, 'आंतरतारकीय' तर चूकच. मंगळ आपल्याच सूर्याभोवती फिरतो, तिकडचा प्रवास आंतरग्रहीय, सहा ते नऊ महिन्यांचा. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटरने धावतंय. त्या वेगाने तिथवर पोचायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील.

'वस्ती' मात्र चालेल. रात्री गावात थांबून पहाटे परत जाणारी एसटी ती वस्तीची गाडी. पाहुणा वस्तीला आला, म्हणजे सकाळी जाणार. मंगळावरच्या पहिल्या खेपा अशाच असतील.

शिरोळ: पण आमच्याकडं रानातल्या घरांनाही वस्तीच म्हणतात की. तिथं पिढ्या राहतात. मुलांचा गोंधळ होईल.

हातकणंगले: 'वसाहत'बद्दल मला बोलायचंय. आमचं गाव वारणेच्या धरणात गेलं. माझा जन्म धरणग्रस्तांच्या वसाहतीतला. नकाशावर प्लॉट पडले, नंबर पडले, कागदावर वसाहत झाली. नळाला पाणी यायला मात्र कैक वर्षं गेली. वडील शेवटपर्यंत 'गावाकडं' म्हणायचे ते बुडालेल्या गावालाच. आता माझ्या मुली या वसाहतीलाच 'आमचं गाव' म्हणतात. माझ्या लेखी वसाहत तेव्हा झाली.

मंगळाला हेच माप लावा. तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. सामान पाठवायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते. गुरुत्वाकर्षण ३८ टक्के, आणि तेवढ्यात आजवर एकही मूल वाढलेलं नाही. अंतराळातला सलग मुक्कामच सर्वांत मोठा ४३७ दिवसांचा, रशियन अंतराळवीर व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांचा. मुलं तिथं जन्मून वाढेपर्यंत 'वसाहत' शब्द राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

शाहूपुरीकर: दादा, पटलं. 'वस्ती'चे दोन अर्थ होतात, म्हणून मी 'तळ' लिहायला सांगते. अंटार्क्टिकावरच्या भारताच्या 'मैत्री' या संशोधन केंद्राला आपण तळच म्हणतो. १९८९ पासून माणसं तिथं जातात, राहतात, पाळी संपली की परत येतात.